पॅप स्मिअर: सुट्या पेशींवर ९८ टक्के अचूकता, पूर्ण स्लाइडवर मात्र खोट्या इशाऱ्यांचा पाऊस

प्रश्न:
पॅप स्मिअरमधल्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीतल्या) सुट्या पेशींच्या चित्रांच्या सिपाकमेड डेटासेटवर रेझनेट-५० हे चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क शिकवलं, पेशींच्या पाच वर्गांत ९८ टक्के अचूकता आली. तेच मॉडेल ४०एक्सला स्कॅन केलेल्या लिक्विड-बेस्ड (नमुना द्रवात मिसळून बनवलेल्या) स्लाइडवर लावलं, तर प्रत्येक निगेटिव्ह स्लाइड 'संशयास्पद' ठरते. थ्रेशोल्ड, म्हणजे संशयाची गुणमर्यादा, वाढवला की खऱ्या हायग्रेड (कर्करोगपूर्व गंभीर बदलाच्या) पेशी सुटतात. चुकतंय कुठे?

उत्तर १:
आधी ट्रेनिंग आणि टेस्टची विभागणी तपासा. सिपाकमेडमधल्या ४०४९ पेशी ९६६ चित्रांतून कापलेल्या आहेत. सगळ्या पेशी एकत्र पिसून ट्रेन-टेस्ट केलं असेल, तर एकाच चित्रातल्या पेशी दोन्हीकडे गेल्या आणि मॉडेल त्या चित्राचा रंग ओळखायला शिकलं. चित्रानुसार विभागा, ऑगमेंटेशन (चित्रं फिरवून, रंग बदलून नमुने वाढवणं) त्यानंतर.

मग साधं गणित. बेथेस्डा या पॅप रिपोर्टच्या प्रमाणित पद्धतीत लिक्विड-बेस्ड नमुना पुरेसा ठरायला किमान ५००० स्क्वेमस (चपट्या आवरण-) पेशी लागतात. पेशीमागे स्पेसिफिसिटी (निरोगी पेशीला निरोगीच म्हणण्याचं प्रमाण) ९९ टक्के धरली, तरी निरोगी स्लाइडवर ५० खोटे इशारे! त्यामुळे 'एक पेशी पॉझिटिव्ह म्हणजे स्लाइड पॉझिटिव्ह' हा नियम चालणारच नाही. सर्वाधिक गुणांच्या शंभरेक पेशींची फीचर्स (मॉडेलने काढलेली वैशिष्ट्यं) घ्या आणि स्लाइडच्या रिपोर्टवर वेगळं अटेन्शन मॉडेल, म्हणजे कोणत्या पेशीला किती वजन द्यायचं ते ठरवणारं मॉडेल, शिकवा.

उत्तर २:
मुळात त्या पाच वर्गांत हायग्रेड नाहीच. कॉयलोसायटिक आणि डिस्केरॅटोटिक (त्या पाचांतले दोन विकृत प्रकार) पेशी शिकून हायग्रेड कशी सापडेल? ती पेशी बहुधा लहान असते, केंद्रक तिचा बराचसा भाग व्यापतं आणि त्याची कड वेडीवाकडी असते. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्लाइडवर पॅराबेसल पेशी (लहान, अपरिपक्व पण निरोगी) भरपूर असतात, तिथे केंद्रक-पेशी गुणोत्तरावर विसंबलेलं मॉडेल हमखास फसतं. अशा निगेटिव्ह स्लाइड मुद्दाम ट्रेनिंगमध्ये घाला.

आणखी एक, बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं: प्रत्येक क्रॉप (कापलेलं पेशीचं चित्र) २२४ पिक्सेलला ताणला की आकाराची माहिती गेली. लोग्रेडचा (सौम्य बदलाचा) मुख्य निकषच आकाराचा आहे, केंद्रकाचं क्षेत्रफळ इंटरमीडिएट या सामान्य पेशीच्या केंद्रकाच्या तिपटीहून जास्त. क्रॉपची चौकट मायक्रॉनमध्ये ठरवा. पिक्सेलला ०.२५ मायक्रॉन असतील, तर ६४ मायक्रॉनची चौकट २५६ पिक्सेलची होते. स्कॅनर बदलला की हे प्रमाण पुन्हा तपासा.

उत्तर ३:
फोकसही बघा. जाड पुंजक्यात एकाच पातळीवरचं स्कॅन धूसर येतं आणि धूसर केंद्रक गडद, मोठं भासतं. झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरची स्कॅन) घ्या, नाहीतर धूसर क्रॉप आधीच बाजूला काढा.

निकाल मोजताना अचूकता सोडा. हायग्रेडची सेन्सिटिव्हिटी (खऱ्या हायग्रेडपैकी किती सापडतात) आधी पक्की करा, मग किती स्लाइड तपासणीच्या रांगेत सुरक्षितपणे मागे ठेवता येतात ते पाहा. थिनप्रेप इमेजिंग सिस्टिम हे पॅप स्लाइड वाचायला मदत करणारं यंत्रही स्वतः निदान करत नाही. ती सायटोटेक्निशियनपुढे (पेशी तपासणाऱ्या तंत्रज्ञापुढे) स्लाइडवरची २२ क्षेत्रं ठेवते आणि त्यांत काही संशयास्पद दिसलं, तर पूर्ण स्लाइड माणूसच तपासतो.