जादूचं एखादं पुस्तक तुमच्या हातात कायमचं बसलंय का?

बदामसत्ती:
परवा कपाट आवरताना जादूगार बोबोंचं नाण्यांच्या जादूवरचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' सापडलं. पुस्तक १९५२ चं, माझी प्रत बरीच नंतरची, पण शिवण उसवलेली आणि नाणं तळहातात लपवायचं म्हणजे पामचं जे प्रकरण आहे तिथल्या पानांच्या कडा काळ्या पडल्यात, कारण एका हातात नाणं आणि दुसऱ्या हाताच्या कोपराने पान दाबून धरायचं असा उद्योग तासन्‌तास चालायचा. कित्येक वर्षांत लोकांसमोर नाण्याचा एकही प्रयोग केला नाहीये, तरी रांगेत उभा असलो की खिशातलं नाणं आपोआप तळहातात जाऊन बसतं, मला कळतही नाही. तुमचं असं कुठलं पुस्तक? आणि व्हिडिओ बघून शिकलेलं एवढं टिकतं का?

इस्पिकएक्का:
माझं 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. पहिला धडा काय तर नुसतं पत्ते पिसणं! मी शहाणा, तो सोडून डायरेक्ट मागच्या प्रयोगांवर गेलो आणि पाहुण्यांसमोर अख्खा कॅट जमिनीवर. मग गुपचूप पान एकवर परत.
व्हिडिओचं म्हणाल तर पुस्तकातलं चित्र हलत नाही ना, दोन चित्रांच्या मधे बोटं कशी गेली ते आपलं आपणच शोधायचं. डबल लिफ्टचं, म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलण्याचं, एक वाक्य मी उलटं समजलो, अंगठ्याचं काम करंगळीला दिलं, आणि चार वर्षं तसंच घोटलं. नंतर एका सीनियर जादूगाराने विचारलं, ही पद्धत कोणाची रे? काय सांगणार, नीट न वाचण्याची :)

रिकामी_टोपी:
पुस्तकांचं एवढं कौतुक मला झेपत नाही. टायमिंग पुस्तकातून येत नाही, समोर माणूस लागतो. आणि मी तर पुस्तकात छापलेली बडबडसुद्धा पाठ करून म्हणायचो, पोरं हसायची ती जादूला नाही, माझ्या बोलण्याला.
हुडिनीचंच बघा ना, मूळचा एरिक वाइस, रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराचं आत्मचरित्र वाचून इतका भारावला की त्याच्या नावावरून स्वतःचं नाव घेतलं, आणि १९०८ मधे त्याच माणसाला खोटा ठरवायला आख्खं पुस्तक लिहिलं. एवढं प्रेम बरं नाही.

इस्पिकएक्का:
मग पत्त्यांचा जादूगार डाय व्हर्ननचं काय? १९०२ चं अर्डनेसचं पत्त्यांवरचं पुस्तक पोरवयात हाती लागलं, ते म्हातारपणापर्यंत सुटलं नाही. आणि गंमत म्हणजे हा अर्डनेस खरा कोण, ते अजून नक्की ठरलेलं नाही. समोर माणूस कुठे होता?

बदामसत्ती:
@रिकामी_टोपी टायमिंगचं पटलं. पण हुडिनीने एवढं लिहूनही नाव काही बदललं नाही हां.
@इस्पिकएक्का ती करंगळीवाली डबल लिफ्ट सांगा ना. लिहूनच सांगा, व्हिडिओ नको.