मदत हवी आहे: पुरात बुडालेल्या मारुती ८००ची पेट्रोल टाकी घरच्या अंगणात उतरवायची आहे

नमस्कार मंडळी,

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाबांची ८०० अंगणातच होती. २००५च्या पुरात पाणी आमच्या पायरीला लागून थांबलं होतं, म्हणून रात्री ती चढावर नेऊन लावावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. या वेळी पाणी टपावरून गेलं.

गाडी १९९७ची, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी कर्ज काढून घेतलेली एकमेव गाडी. पूर ओसरल्यावर घर, कपाटं, कागदपत्रं यातच वर्ष गेलं. गाडीतला चिखल काढला आणि ताडपत्री टाकली ती टाकलीच. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीपासून रोज ताडपत्री उचलून बघतात. गणपतीला त्यांना त्याच गाडीतून मूर्ती आणायची आहे, आणि मलाही ते मनापासून हवं आहे.

आतापर्यंत झालेलं काम: इंजिन ऑइल तीनदा बदललं, प्लग नवे, स्टार्टर दुरुस्त, कार्ब्युरेटर उघडून साफ. मेकॅनिकने पेट्रोलची बाटली टांगून इंजिनच्या पेट्रोल पंपाला नळी जोडली की गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू होते आणि छान चालते. टाकीची नळी जोडली की पाच मिनिटांत बंद. फिल्टरमध्ये चहाच्या रंगाचं पेट्रोल, खाली पाण्याचा थर आणि लाल गाळ. म्हणजे टाकीत पाणी आणि गंज दोन्ही आहेत, एवढं उघड आहे.

मेकॅनिक म्हणतो टाकी उतरवावीच लागेल, पण पावसाळ्याआधी त्याच्याकडे इतकी कामं आहेत की तो घरी येऊ शकत नाही. आमच्या बोळात टोइंगची गाडी शिरत नाही. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं, "टाकी आणून द्या, तळ कापून आतून घासतो आणि परत वेल्डिंग मारतो." ते ऐकून पोटात गोळा आला.

ऑइल, प्लग, ब्रेक शू ही कामं मी स्वतः करते. गोटी पान्यांचा सेट आणि एक जॅक आहे. मदतीला चुलतभाऊ आहे. टाकी २८ लिटरची, त्यात अंदाजे अर्धी भरलेली. माझे प्रश्न:

गाडी मागून उचलून जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवली तर चालेल का? घराला लावायचे आणलेले चांगले चिरे पडून आहेत. गंजलेल्या बोल्टांना ब्लो लॅम्पने शेक द्यावा का? आतलं पेट्रोल कसं काढायचं? आणि वेल्डिंगचं काय?

प्रतिसाद:

ताई, चिरा अजिबात नको. भिंतीत तो सगळ्या बाजूंनी दाबलेला असतो म्हणून पिढ्यान् पिढ्या टिकतो. गाडीचं वजन एका टोकावर आलं की जांभा न सांगता फुटतो, आणि तेव्हा तुम्ही खाली असाल. गॅरेजमध्ये लोखंडी स्टँड भाड्याने मिळतात, नाहीतर विकत घ्या. दोन स्टँड, पुढच्या चाकांना पुढून-मागून ओंडके, गाडी गियरमध्ये. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आणि स्टँड मातीवर नको, खाली फरशी किंवा जाड फळी हवी.

आता आगीचं. तुमच्याकडे न्हाणीघराबाहेर पाणी तापवायची चूल असेल तर ती आदल्या रात्रीपासून विझलेली पाहिजे. राखेतला निखाराही धोक्याचाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत उताराकडे जाते आणि खोलगट जागेत साचते. अंगणाच्या खालच्या अंगाला विहीर असेल तर तिच्यापासून लांब काम करा, सांडलेला थेंबही तिकडे जाता कामा नये. मे महिन्यात दुपारी नको, सकाळी सहा-सातला सुरू करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढा. हॅलोजन किंवा वायरवरचा दिवा गाडीखाली नको, दिवसाचा उजेड पुरे. ब्लो लॅम्प आणि ग्राइंडर त्या दिवशी अंगणात येताच कामा नयेत. बोल्टांना आदल्या दोन दिवसांत तीन-चारदा गंज सोडवणारं तेल मारा. सोडवताना आधी किंचित आवळा, कट्ट आवाज आला की मग उलटं फिरवा. बोल्ट तुटण्याचं प्रमाण खूप कमी होतं.

नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. आपल्याकडे सर्रास करतात, पण एक घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात जातो. चुकून गिळलं तर उलटी करवायची नाही, सरळ डॉक्टर. हाताने दाबायचा पंप शंभर-दोनशेला मिळतो. झाकण हळू उघडा, आतला दाब निघून जाऊ द्या. पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये घ्या, कॅन जमिनीवर टेकलेला असावा. प्लास्टिकच्या बादलीत घेऊ नका. स्थिर विजेची ठिणगी दिसत नाही, पण पेट्रोलला तेवढी पुरते.

प्रतिसाद:

वेल्डिंगबद्दल लिहितो, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे. ट्रॅक्टरची "रिकामी" टाकी, चार दिवस उन्हात वाळवलेली. ठिणगी पडली आणि टाकीचा तळ छताला जाऊन लागला. माणूस वाचला, पण त्याचा एक कान गेला.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती पेटते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार होतं. गंजाच्या खपल्यांत अडकलेलं पेट्रोल दिवसेंदिवस वाफ सोडत राहतं. त्या गॅरेजवाल्याला टाकी देऊच नका. भोक पडलं असेल तर दुसरी टाकी शोधा. ८००चे भाग अजून मिळतात.

प्रतिसाद:

उतरवण्याआधी नळ्यांचे फोटो काढा. पंपाकडे जाणारी, परतीची आणि वाफेची, तिन्हींना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा. सगळं सुटल्यावर तिन्ही सारख्याच दिसतात, आणि उलट्या जोडल्या की नवा घोळ. शेवटचे दोन बोल्ट सोडायच्या आधी टाकीखाली फळी ठेवून दुसरा जॅक लावा. पंपाने काढूनही तळाशी दोन-तीन लिटर राहतंच, आणि ते एका बाजूला धावलं की टाकी हातातून निसटते.

गंजाला सायट्रिक अॅसिड गरम पाण्यात विरघळवून एक-दोन दिवस ठेवा. आत साखळी सोडून हलवा. सुटे नट किंवा खडी टाकू नका, आतल्या पडद्यांमागे अडकतात. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा, नाहीतर तासाभरात नवा गंज चढतो.

आणि रबरी नळ्या सगळ्या बदला. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, १९९७चं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. नळी इंधनाचीच घ्या, पाण्याची पारदर्शक नको. नळी आवळणाऱ्या ज्युबिली क्लिपाही नव्या.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टाकी उतरवली. स्टँड मेकॅनिकनेच दिले. आईने शेजारच्या दोन घरांतल्या चुलीही सकाळी पेटवू दिल्या नाहीत. दहा लिटर पेट्रोल निघालं, खाली सव्वा लिटर पाणी आणि मूठभर चिखल. २०२१चा चिखल, अजून तोच वास. बाबा ओट्यावरून बघत होते, टाकी जमिनीवर टेकली तेव्हा काही न बोलता आत गेले आणि सगळ्यांना सरबत घेऊन आले.

एक बोल्ट तुटला. टाकीला भोक नाही, पाणी भरून रात्रभर ठेवलं होतं, गळालं नाही. सायट्रिक अॅसिड आज भरलंय. जुनं पेट्रोल बंद कॅनमध्ये घरापासून लांब ठेवलंय, जुनं ऑइल नेणारा बुधवारी येतो, त्याला विचारून देणार.

आता एकच अडचण. पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या गेजचा टाकीतला फ्लोट गंजून जागेवरच अडकलाय, आणि इथल्या दोन्ही दुकानांत कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलचा मिळाला नाही. रत्नागिरी किंवा कराडकडे कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवा. त्याचं रबरी पॅकिंगही लागेल.