आईच्या पोटात आग पडते, रिपोर्ट सगळे नॉर्मल. गावी कुठं दाखवू?

माणदेशी_पोरगा:
आई ६८ वर्षांची, माण तालुक्यात गावी एकटीच असते. वडील गेल्या पावसाळ्यात गेले. मी चाकणला कंपनीत, बहीण बार्शीला दिलेली. दिवाळीपासून आईचं एकच चाललंय, पोटात आग पडतीया, छातीत धडधडतंय. सोनोग्राफी, दुर्बीण, ईसीजी सगळं करून झालं, कशातच काही नाही. पहाटे तीनला उठून ओसरीवर बसते. शेरडं विकून टाकली, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. शेजारच्या काकू म्हणतात, चूल पेटवायचाही तिला कंटाळा येतो. तिथल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय, संपली की आई एसटीनं जाऊन नवीन पाकीट आणते. मानसोपचाराचं नाव काढलं तर "मला काय येड लागलंय व्हय?" म्हणून फोन ठेवला. भावकी म्हणते बाहेरचं आहे. इकडं घेऊन येऊ का?

निवृत्त_सिस्टर:
दादा, माझी सगळी नोकरी दुष्काळी पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. "मन उदास आहे" म्हणणारी म्हातारी मला काही भेटली नाही. उदासीनता (डिप्रेशन) असली तरी पोटात आग, डोक्यात मुंग्या, पायात गोळे, असंच सांगतात, आणि ते खोटं नसतं. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुला काही झालं नाही" हे आधी बंद करा. झोप आणि भूक गेलीय, त्याच्या डॉक्टरला दाखवू, एवढंच म्हणा. येतात बाया.

साताऱ्याला सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा इतर ओपीडीसारखाच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ग्रामीण रुग्णालयांतही ठरलेल्या दिवशी येते, वार आशाताईंना विचारा.

जाताना जुने कागद आणि त्या गोळीचं पाकीट न्या. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल तर ती रोग बरा करत नाही, नुसती झोपवते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडलेल्या बाया मी पाहिल्यात. पण परस्पर एकदम बंद करू नका, त्यानं त्रास वाढतो. डॉक्टर हळूहळू कमी करतील. थायरॉईड, बी-१२, सोडियम, साखर तपासायला सांगा. थायरॉईड कमी पडलं तरी माणूस असाच मलूल होतो.

उदासीनतेची गोळी सुरू झाली तर गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं आणि लोक नेमकी तिथंच गोळी सोडतात. बरं वाटलं तरी निदान सहा महिने, या वयात बहुधा त्याहून जास्त चालू ठेवावी लागते.

भावकीशी वाद घालू नका. म्हसवडला जाऊन दर्शन घ्या, गोळीही घ्या. सिद्धनाथ काही रागावत नाही.

आणि एक काम आजच करा. घरात फवारणीचं औषध, तणनाशक पडलं असेल तर काकूंना सांगून हलवा. "जगून काय करू असं मनात येतं का" हे आईला सरळ विचारा, विचारल्यानं तसं काही डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर वार बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलतात. आधी तुम्हीच लावा.

पिंपरीची_सून:
चाकणला आणायची घाई नको. सासूबाईंना आम्ही असंच आणलं. तिसऱ्या मजल्यावर दार लावून दिवसभर टीव्ही, बोलायला कुणी नाही, वर संडास-बाथरूमची लाज. गावी निदान काकू डोकावतात. बहिणीला महिनाभर तिकडं राहता आलं तर बघा. आणि दोन शेरडं परत घेऊन द्या हो.

निवृत्त_सिस्टर:
शेरडांचं पटलं, पण ती जरा जेवायला लागल्यावर. आत्ता दिली तर उपाशी मरतील बिचारी, आणि तो घोर आणखी वेगळा. बाकी एकदम दोन-तीन दिवसांत बरळायला लागली, माणसं ओळखेना, तर तो प्रकार निराळा. लघवीतला संसर्ग, सोडियम घसरणं असं काही असू शकतं, ताबडतोब ॲडमिट करायचं.

माणदेशी_पोरगा:
काकूंनी औषधाचे डबे त्यांच्या गोठ्यात कुलपात ठेवलेत. आईला सरळ विचारलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तसलं न्हाय रं, पण कशातच जीव लागंना." पाकिटावर अल्प्राझोलामच आहे. बहीण शनिवारी निघतेय. एकच शंका, आशाताई आमच्याच आळीतल्या, गावभर व्हायचं नाही ना?

निवृत्त_सिस्टर:
त्यांना फक्त टीमचा वार विचारायचा, कुणासाठी ते सांगायची गरज नाही. तरी अवघड वाटत असेल तर सरळ सिव्हिलला जा. तिथं सकाळी लवकर पोचा. आईला उपाशी नेऊ नका, भाकरी बांधून घ्या.