व्हीएमवेअरचे तीन वर्षांचे सबस्क्रिप्शन घ्यावे की प्रॉक्समॉक्सकडे वळावे?

जाणकारांना नमस्कार. भोसरी एमआयडीसीतील सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक शिकाऊ मुलगा. आमचे तीन सर्व्हर व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ वर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) चालतात आणि त्यांवर ईआरपी (कारखान्याचे व्यवहार सांभाळणारी प्रणाली), हजेरी, गेटवरची डिस्पॅच बिले अशी १४ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, आहेत. परवाने एकरकमी घेतलेले, कायमस्वरूपी.

ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि महिन्याच्या आतच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री व त्यांच्या सपोर्टचे नूतनीकरण बंद केल्याचे जाहीर केले. पूर्वी ३२ कोअरपर्यंतच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील गणन करणारा एकेक भाग) प्रोसेसरला एक परवाना पुरत असे. आता कोअर मोजतात आणि प्रत्येक प्रोसेसरचे किमान १६ धरतात. आमच्या प्रत्येक सर्व्हरमध्ये आठ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे प्रत्यक्षात ४८ कोअर आणि पैसे ९६ चे. त्यातच व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

सबस्क्रिप्शनचा खर्च एक वेळ मालकांच्या गळी उतरवता येईल. पण पुढच्या नूतनीकरणाला अटी पुन्हा बदलणार नाहीत, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? जुन्या करारातील सपोर्टसाठी एटी अँड टीसारख्या कंपनीलाही २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात जावे लागले (प्रकरण पुढे तडजोडीने मिटले). आमचा स्थानिक विक्रेता फोनवर "काळजी करू नका साहेब" म्हणतो, मेलवर मात्र अवाक्षर लिहीत नाही.

प्रॉक्समॉक्स या अशाच कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ईएसएक्सआयवरून (व्हीस्फिअरचा सर्व्हरवर बसणारा भाग) मशीन थेट आयात करण्याची सोय आहे. एका जुन्या सर्व्हरवर ती वापरून पाहिली, तेव्हा हजेरीचे मशीन पाऊण तासात सुरू झाले. घोडे अडले आहे ते ईआरपीच्या यूएसबी डोंगलपाशी (परवान्याची किल्ली म्हणून लावायचे छोटे उपकरण). सर्व्हरच्या मागे सेलोटेपने चिकटवलेला हा डोंगल जरा हलला तरी बिलिंग थांबते. प्रॉक्समॉक्सवर असा डोंगल रीबूटनंतरही विनातक्रार ओळखला जातो का, की यूएसबी नेटवर्कवरून देणारे वेगळे उपकरण घेणेच बरे?

दुसरा प्रश्न सपोर्टचा. प्रॉक्समॉक्स कंपनी व्हिएन्नाची आहे, तर आमची बिले रात्रपाळीतही निघतात. पुण्यात मध्यरात्री फोन उचलणारा आणि लेखी करार करणारा कोणी कोणाच्या अनुभवात आहे का?

"उद्या हीसुद्धा विकली गेली तर?" असे मालकांनी विचारले आहे. सोर्स कोड एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे, एवढेच मी सांगू शकलो; पण दोन माणसांच्या विभागाला त्या खुलेपणाचा प्रत्यक्षात कितपत आधार असतो, हे स्थलांतर करून वर्षभर काढलेल्यांकडून ऐकायचे आहे.