हिंजवडीची गर्दी आणि महिन्यातून एकदा चिपळूण: हायब्रिड क्रॉसओव्हर परवडेल का?

कुंभार्लीकर

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे. शोरूममध्ये सगळं गोडच सांगतात, म्हणून ज्यांनी स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरलंय त्यांचं ऐकायचं आहे.

घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीच्या तिसऱ्या फेजला. एका बाजूला साधारण वीस किलोमीटर, आठवड्यातून तीन दिवस. चांदणी चौक ते वाकड कधी पंचवीस मिनिटं, कधी सव्वा तास. महिन्यातून एकदा चिपळूणजवळच्या गावी जातो, उंब्रजवरून पाटण, कोयना करत कुंभार्ली घाट उतरून. जाऊन-येऊन पाचशेला थोडे कमी. सगळं मिळून वर्षाचं रनिंग १२,००० धरलंय.

आताची हॅचबॅक अकरा वर्षांची झाली. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आणि या गाडीतून उतरताना तिला दाराला धरून स्वतःला वर ओढून घ्यावं लागतं. ते मला रोज बघवत नाही. त्यामुळे उंच बैठकीची गाडी हवी हे नक्की, आणि ऑटोमॅटिक हवी हेही नक्की.

यादीत ग्रँड विटारा किंवा हायरायडर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत नुसत्या विजेच्या मोटरवरही चालणारी), त्याच गाड्यांचं साधं पेट्रोल ऑटोमॅटिक, आणि क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक. हायब्रिडला कंपनीचा आकडा लिटरमागे २७.९७ किलोमीटर आहे. खरं ॲव्हरेज किती पडतं? मला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे साध्या पेट्रोलपेक्षा हायब्रिडला अडीच लाख जास्त जातात, ते वसूल होतात का? आणि गावाकडचा शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा कच्चा चढ आहे, तिथे पावसाळ्यात काय?

वहीतले_आकडे

तुमचं रनिंग वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. माझं रोजचं सिंहगड रोड ते खराडी. स्ट्राँग हायब्रिड ग्रँड विटारा, अडीच वर्षं, ३८,००० किलोमीटर.

आकडा कसा काढतो ते आधी सांगतो. स्क्रीनवरचं ॲव्हरेज मी धरत नाही. पंप एकच, शक्यतो मशीनही तेच. पंपाचा पाइप पहिल्यांदा आपोआप बंद झाला (ऑटो कट) की थांबायचं, ‘राउंड फिगर करू का साहेब’ म्हटलं की नको म्हणायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी टाकी फुल्ल केली की किलोमीटर भागिले लिटर. पंपाची पावती गाडीत ठेवली तर उन्हाने दोन महिन्यांत कोरी होते, अक्षर दिसत नाही. म्हणून तिथेच उभं राहून आकडा वहीत उतरवतो. आतापर्यंत ५६ ओळी झाल्या. सगळ्यांचा मिळून २१.७. स्क्रीन नेहमी एक-दीडने चढं दाखवते.

पण नुसता २१.७ तुमच्या उपयोगाचा नाही, फोड बघा. रोजच्या गर्दीत २३ ते २५. मुंबईला एक्स्प्रेसवेने १०० धरून गेलो की १८-१९. तोच रस्ता ८०-८५ ने गेलो की २१-२२. आणि दोन किलोमीटरवर भाजी आणायला जायचं, पाच मिनिटांत परत, असं थंड इंजिनावर आठवडाभर चाललं तर १५.

लोकांना हे उलटं वाटतं, कारण आयुष्यभर आपण ‘हायवेला जास्त पडतं’ हेच ऐकलेलं असतं. इथे गर्दीत गाडी मोटरवर सरकते आणि इंजिन बंदच असतं. ब्रेकवर पाय ठेवला की तीच मोटर जनरेटर होते आणि बॅटरी भरते. साध्या गाडीत ती सगळी ताकद ब्रेक तापवण्यात जाते. वाकडच्या पुलाखाली वीस मिनिटं रांगत असताना इंजिन चार-पाच वेळा जेमतेम लागतं. एक्स्प्रेसवेला ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार? इंजिन सतत चालू, आणि उंच गाडीला समोरचा वारा जास्त लागतो. वेग वाढवला की तो वारा पेट्रोल खातो, कितीही चांगली गाडी असली तरी.

एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. मात्र एप्रिल-मेमध्ये बॅटरी त्यातच खर्ची पडते आणि माझा शहरातला आकडा दोनाने उतरतो.

आता तुमचा घाट. बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची आहे, म्हणजे घरच्या मीटरवरचं पाऊण युनिट. चढताना ती लवकर संपते आणि मग सगळा भार तीन सिलिंडरच्या इंजिनावर येतो. गाडी दमत नाही, इंजिन आणि मोटर मिळून ११६ पीएस आहेत, पण आवाज येतो. उतरताना अर्ध्या घाटातच बॅटरी भरते आणि एकदम इंजिन मोठ्याने फिरायला लागतं. पहिल्यांदा मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती. तसं काही नसतं: बॅटरीत जागा उरली नाही की गाडी इंजिन फिरवून वेग आवरते, साध्या गाडीत आपण दुसरा गिअर टाकून उतरतो तसंच. उताराला गिअरचा दांडा ‘डी’वरून ‘बी’वर (इंजिनाने वेग आवरायची जागा) घ्या, ब्रेक तापत नाहीत.

सगळ्यात मोठी तडजोड डिकीची. बॅटरी मागे असल्याने हायब्रिडची डिकी २६५ लिटरची, साध्या पेट्रोलची ३७३. कोकणात जाणाऱ्याला हा फरक जाणवतो. हापूसची पाच डझनांची पेटी, एक मोठी बॅग आणि एक फणस ठेवला की चौथी वस्तू मागच्या सीटवर.

हायब्रिड बॅटरीला वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. तुमच्या रनिंगला आठ वर्षंच आधी संपतील.

गोदाकाठ

मी डिझेलवाला, नाशिकचा. मध्यम आकाराची एसयूव्ही, ऑटोमॅटिक, चार वर्षांत ९२,००० किलोमीटर. कामासाठी धुळे, जळगाव, संभाजीनगर अशी फिरती असते. हायवेला १८-१९, नाशिक शहरात १३. पाच माणसं, सामान, एसी, कसारा घाट, पाय थोडा दाबला की गाडी उचलते. ओव्हरटेकला जो विश्वास वाटतो तो मला अजून कुठल्या पेट्रोलमध्ये वाटला नाही.

पण कुंभार्लीकर, तुम्हाला मी डिझेल सुचवणार नाही. मागच्या वर्षी तीन महिने माझी फिरती बंद होती आणि गाडी फक्त मुलांना शाळेत सोडायला जायची, चार किलोमीटर जाणं, चार येणं. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला गाडी सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. शाळेच्या फेऱ्यांत ते कधीच होत नाही. दिवा लागल्यावर तसाच न फिरवता मी सिन्नरच्या पुढे ८० च्या वेगाने अर्धा-पाऊण तास जाऊन आलो, दिवा गेला. तेव्हापासून दर पंधरवड्याला एक लांब चक्कर ठरलेली. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर, तेही बरंचसं हायवेला, असं असेल तर डिझेलसारखं सुख नाही. तुमचं महिन्याला हजार, त्यातलं निम्मं चांदणी चौकात उभं राहून.

अजून एक. आपल्याकडे डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. १५ लाखांच्या गाडीवर ते ३० हजार होतात. डिझेल स्वस्त म्हणून हिशोब मांडताना हे बहुतेक जण विसरतात.

घोडबंदर_रोज

साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकचा अनुभव कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. हायरायडर, माइल्ड हायब्रिड, ठाण्यात. नावात हायब्रिड असलं तरी ती नुसत्या मोटरवर चालत नाही हे आधी नीट समजून घ्या, बरेच लोक इथेच फसतात. घोडबंदर रोडला संध्याकाळी ११, रविवारी सकाळी रस्ता मोकळा असेल तर १४. नाशिक, पुणे अशी लांबची वारी असेल तर १७. मी वर्षाला सहा हजारही चालवत नाही, त्यामुळे मला हीच बरोबर पडली. डिकी मोठी आहे, सासू-सासऱ्यांची व्हीलचेअर घडी करून आडवी बसते. ती बसली नसती तर मी गाडीच घेतली नसती.

हवेचं एक सांगते. हवा थंड टायरवर आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते तेवढीच भरायची. पंपावरची मुलं अंदाजाने भरतात. महिनाभर चार पॉइंट कमी हवेवर फिरत होते, ॲव्हरेज जवळजवळ एकाने पडलं होतं.

कुंभार्लीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीतले_आकडे, तुमच्या फोडीवरून हिशोब मांडला, तपासून द्याल का? पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलंय.

हायब्रिड २२ ने: ५४५ लिटर, ५६,७०० रुपये.
साधं पेट्रोल ऑटोमॅटिक १३ ने: ९२३ लिटर, ९६,००० रुपये.
डिझेल १६ ने: ७५० लिटर, ६८,२५० रुपये.

म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा वर्षाला ३९,००० वाचतात आणि अडीच लाख फिटायला साडेसहा वर्षं लागतात. हे खूप वाटतं.

वहीतले_आकडे

हिशोब बरोबर आहे. तुम्ही गाडी अकरा वर्षं वापरणारे आहात हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, तेव्हा साडेसहा वर्षांनी घाबरू नका. चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला मी हायब्रिड घेऊ नका असंच सांगतो.

दोन गोष्टी जोडतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी मिळणारच. जुन्या व्हिडिओंमधले आकडे बघताना हे लक्षात ठेवा. किमतीही जुन्या धरू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय. दोन्ही शोरूममधून ताजं ऑन-रोड कोटेशन घ्या आणि अडीच लाखांचा फरक परत काढा.

आणि टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तुमच्याच रस्त्याने घ्या.

हडसनकाठी

मी मूळचा सांगलीचा, बारा वर्षं न्यू जर्सीत. इथे राव्ह-फोर हायब्रिड चालवतो, सहा वर्षं झाली. मुद्दाम लिहितोय कारण इथल्या सरकारी चाचणीतही तेच दिसतं जे वर लिहिलंय: शहरात ४१ मैल प्रति गॅलन, हायवेला ३८. आपल्या मापात साधारण १७.४ आणि १६.२. गाडी बरीच मोठी, इंजिन अडीच लिटरचं, म्हणून आकडे लहान दिसतात. पण शहराचा आकडा हायवेपेक्षा वर आहे, ते बघा. इथल्या जानेवारीत हीटरसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, तेव्हा माझा आकडा चांगलाच खाली येतो. पुण्याच्या हवेत तुम्हाला तो त्रास नाही.

देवरुखची_लेक

लाल मातीच्या चढाबद्दल लिहिते, आमच्या घरचाही रस्ता तसाच. जमिनीपासून २०० मिलिमीटरच्या वर उंची असलेली गाडी पुढच्या दोन चाकांवर चढते, फोर-व्हील लागत नाही. अडतं ते टायर झिजलेले असतील तर. जुलैत माती शेवाळते तेव्हा चढाच्या मध्ये थांबायचं नाही. खालीच उभं राहून वरून कुणी येत नाही ना बघायचं, आणि एका चालीत हळू न्यायची. चाक जागीच फिरायला लागलं की पाय काढा, दाबू नका, नाहीतर खड्डा होतो आणि मग गडग्यावरचे दगड आणून घालावे लागतात. आम्ही दरवर्षी मे महिन्यात त्या वळणावर चिऱ्याचे तुकडे पसरून घेतो, तुम्हीही घ्या.

पण मला खरं सांगायचंय ते आईंबद्दल. उंच गाडी म्हणजे सोपी गाडी असं नसतं. फार उंच असेल तर चढावं लागतं, ठेंगणी असेल तर वाकावं लागतं. सीट त्यांच्या मांडीच्या वरच्या भागाशी यायला हवी, म्हणजे पाठ टेकून बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. दुसरं, दाराखालचा उंबरा किती रुंद आहे ते बघा. रुंद असला तर पाय लांब टाकावा लागतो आणि साडीची किनार चिखलाने भरते. शोरूममध्ये त्यांना रोजची साडी नेसवून, रोजची काठी घेऊन न्या. तीन वेळा बसवा-उतरवा, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा हात कुठे जातो ते बघा. माझ्या आईचा हात आधार शोधत समोरच्या सीटच्या पाठीवर जायचा. तेव्हा कळलं की तिला पुढची सीटच बरी.

कुंभार्लीकर

शुक्रवारी सहा वाजता चांदणी चौक ते वाकड आणि परत, हायब्रिड. तास-सव्वा तास लागला. स्क्रीनवर २४.६, म्हणजे तुमच्या हिशोबाने २३ धरतो. एसी पूर्ण वेळ चालू होता.

शनिवारी आईला नेलं. क्रेटात आणि या गाडीत दोन्हीकडे बसवलं, दोन्ही तिला जमल्या. या गाडीत तिसऱ्यांदा उतरताना तिने दाराला हात लावला नाही. मग आम्ही काही न सांगता परत आत बसली आणि म्हणाली, थांब, अजून एकदा बघते. बायकोने माझ्याकडे बघितलं, विषय तिथेच संपला. हायब्रिडचं खालचं मॉडेल बुक केलं. ताज्या कोटेशनमध्ये फरक दोन लाख तीस हजारांवर आला.

आईने शोरूममधून निघताना एकच विचारलं, मेमध्ये पेट्या कुठे ठेवणार? वहीतले_आकडे, मागची सीट अर्धी पाडली तर पाच डझनांच्या दोन पेट्या एकावर एक बसतात का?

वहीतले_आकडे

बसतात. मोठा भाग पाडा, आई पुढे बसतील. पेट्यांखाली जाडं गोणपाट घाला, घाटात सरकत नाहीत. आणि त्या दिवशी एसी चालू ठेवा, आंबा तापत नाही.