आई एकटी प्रागला: सिंगल एन्ट्री व्हिसा चालतो का? गुरुवारच्या आत सांगा

मंगळवार, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी,
आई या शनिवारी प्रागला चालली आहे, एकटी. मला आणि हिला सुट्टी नाही, आणि पुढच्या आठवड्यात तिचं परतीचं विमान. म्युनिकहून थेट गाडीचं तिकीट काढलंय, एक रात्र मुक्काम. पण आषाढीच्या भजनाला कुणीतरी तिला म्हणालं, तुमचा व्हिसा सिंगल एन्ट्री, सीमा ओलांडलीत तर परत जर्मनीत घेणार नाहीत. तेव्हापासून तिने बॅगेला हात लावलेला नाही. आईवडिलांना कुणी असं पाठवलंय का?
– नि., पासिंग

मंगळवार, रात्री १०.१५
मीच म्हणालो होतो. २००६ साली थोरल्या बंधूंना प्रागसाठी वेगळा व्हिसा काढावा लागला होता, मी स्वतः फॉर्म भरला होता. तिथे आजही कोरुना चालतात, युरो नाही. वहिनी एकट्या, भाषा येत नाही. धोका पत्करू नये.
– व. काका

बुधवार, सकाळी ७.०५
काका, २००६ साली तुमचं बरोबरच होतं. चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आलं २१ डिसेंबर २००७ ला. चलनाचा आणि व्हिसाचा संबंध नाही. काकू म्युनिकच्या विमानतळावर उतरल्या, तीच त्यांची एन्ट्री. प्राग म्हणजे त्याच वाड्यातली दुसरी खोली. लंडनला निघाल्या असत्या तर प्रश्न होता.

नि., व्हिसाच्या स्टिकरवर तो कुठे वैध आहे ते लिहिलेलं असतं. तिथे शेंगेन देश म्हटलंय ना, आणि मुक्कामाचे दिवस उरलेत ना, एवढं बघ.

पण मूळ पासपोर्ट सोबत हवाच. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. माझ्या सासूबाई परत येताना सीमेवरच्या फुर्थ इम वाल्ड स्टेशनात पोलीस गाडीत चढले. पासपोर्ट हरवेल म्हणून आम्हीच तो कपाटात ठेवून घेतला होता, त्यांच्याकडे फक्त फोनमधला फोटो. मी ऑफिसातून फोनवर जर्मनमध्ये बोलत होते आणि मागे त्यांचा रडवेला आवाज ऐकू येत होता. सुटल्या त्या, पण तो अर्धा तास मी विसरलेले नाही.
– मे., श्वाबिंग

बुधवार, दुपारी १२.३०
प्रवासाचे प्रश्न आधी सहल समितीला विचारावेत असं वार्षिक सभेत ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी आपण ३८ जणांना प्रागला नेलं, सगळी माहिती तयार आहे.

आणि महत्त्वाचं कुणीच लिहिलं नाही: ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असतं. पिंकास सिनेगॉग त्यातच येतं. बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आताच्या चेक प्रदेशातल्या, नाझींच्या छळात बळी गेलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं तिथल्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. आपल्या सहलीत बसमधला सगळा दंगा त्या भिंतींपुढे थांबला होता. तेव्हा शनिवारी किल्ला आणि रविवारी सकाळी हे.
– सहल समितीसाठी, श्री.

बुधवार, दुपारी १.१०
श्री., त्या सहलीत किल्ला खालून चढवलात आणि माझे गुडघे आठवडाभर सुजले होते! काकूंना तसं करायला सांगू नका. २२ नंबरच्या ट्रामने थेट वर पोहोर्झेलेत्सला उतरायचं आणि मग उताराने किल्ला, त्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल बघत खाली यायचं. चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत. १३५७ सालचा पूल आहे, पण नऊनंतर दगड दिसत नाहीत, नुसती डोकी दिसतात.
– सु. ताई

बुधवार, संध्याकाळी ६.२०
सु. ताई, चपला विसरलात. तिथल्या फरसबंदीवर पातळ तळव्याच्या चपला नकोत. शाकाहारी असतील तर स्माझेनी सीर मागा, तळलेलं चीज असतं. सगळीकडे ट्र्डेल्निक (दांड्याला गुंडाळून भाजलेला गोड पाव) ‘जुना चेक पदार्थ’ म्हणून विकतात, तो मूळचा तिथला नाही. भौगोलिक मानांकन स्लोव्हाकियातल्या स्कालित्साच्या ट्र्डेल्निकला आहे. मी औरंगाबादला श्कोडात होतो, तिथल्या चेक सहकाऱ्यांनी हे मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.
– अ., एर्लांगेन

बुधवार, रात्री ९.५५
सगळ्यांचे आभार. स्टिकर पाहिला, शेंगेन देश असंच लिहिलंय, दिवसही उरलेत. मे. ताई, तुमची मेल आईला वाचून दाखवली. पासपोर्टासाठी ती आता पोटाशी बांधायची पिशवी शिवते आहे.

तिला खरं तर प्रागचं १४१० सालचं खगोलीय घड्याळ बघायचंय. सूर्य कुठल्या राशीत आहे आणि चंद्राची कला दोन्ही त्यावर दिसतात, हे कळल्यापासून दाते पंचांग सोबत न्यायचं ठरलंय, तिथे उभं राहून पडताळायला.
– नि.

बुधवार, रात्री १०.२०
नि., माझी माहिती जुनी होती. वहिनींना विनाकारण घोर लावला, त्यांना माझा नमस्कार सांग. पैसे रस्त्यावरच्या दुकानात बदलू नयेत. बदललेच आणि दर वाईट निघाला, तर पावती घेऊन ३ तासांच्या आत परत करता येतात, २०१९ पासून कायदा आहे. हे मी आज नीट तपासून लिहितो आहे. शनिवारी स्टेशनवर सोडायला मी येतो, तुम्ही दोघं कामावर जा.
– व. काका