टाटांची रेसमो गाडी बाजारात आली नाही ते बरंच झालं. पटतंय का?

चौथा_गिअर (फोंडा)

शिगम्याच्या मिरवणुकीत एका टेम्पोवर थर्माकोलची लाल रेसर गाडी बसवली होती. चाकं गरगर फिरत होती, दिवे पेटत होते, मागून धूरही येत होता. ती बघून भाचा विचारतो, "मामा, टाटांची ती दोन सीटवाली गाडी कधी येणार रे?" म्हटलं, बाळा, ती येऊन गेली.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी टॅमो नावाचा वेगळा ब्रँड काढून रेसमो दाखवली. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन सीटच्या पाठीमागे, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १९० अश्वशक्ती, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत. दारं वर उघडणारी. २०१८ च्या ऑटो एक्स्पोत तिचं विजेवरचं रूपही दिसलं. मग विक्रीला न आणताच सगळं गुंडाळलं.

माझं म्हणणं, बरं झालं. ती गाडी म्हणजे कंपनीचा चित्ररथ होता. चित्ररथ बघायचा, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं. तो चोर्ला घाट चढून बेळगावला जाईल का असं कोण विचारत नाही. २०१७ मध्येच त्यांनी नेक्सॉन आणली, पुढच्या वर्षी तिला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले. मला विचाराल तर गरज त्याची होती. पोस्टर लावणारे लाख असतात, चेक फाडणारे दोनशेसुद्धा नसतात.

मांडवीपलीकडे (पर्वरी)

चित्ररथ म्हणून हिणवायला सोपं आहे, पात्रांव. मर्सिडीजची सी १११ घ्या. १९६९ ला फ्रँकफर्टमध्ये दाखवली. नारिंगी रंग, पंखासारखी दारं, पिस्टनच्या जागी वान्केल रोटरी इंजिन. लोकांनी कोरे चेक पाठवले म्हणतात. म्हणजे चेक फाडणारे होते, विकणारा तयार नव्हता! रोटरी पेट्रोल पिते, धूर जास्त सोडते, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. गाडी बाजारात आली नाही ती नाहीच.

पण तिला गोदामात टाकली नाही हे महत्त्वाचं. त्याच सांगाड्यात १९७६ मध्ये पाच सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं आणि इटलीत नार्दोच्या गोल ट्रॅकवर दोन दिवसांहून जास्त वेळ ताशी अडीचशे किमीच्या वर सरासरीने पळवली. तेव्हा डिझेल म्हणजे टॅक्सी आणि ट्रॅक्टर. तो समज पुसायला ही न विकलेली गाडी कामाला आली. तुमचा चित्ररथ दुसऱ्या दिवशी मोडीत जातो, ही दहा वर्षं राबली.

रस्ता_बंद (म्हापसा)

दोघांनाही एकच प्रश्न. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात ही १९० घोड्यांची गाडी पहिल्या गिअरवर किती वेळ तापत ठेवणार?

केरीची_पोर (सत्तरी)

चौथा_गिअर दादांच्या बाजूने. मी हे घरात भोगलंय.

माझ्या काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी फायबर बॉडीची दोन सीटची गाडी घेतली. थोड्याच निघाल्या होत्या. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. काकू तिला "पांढरो हत्ती" म्हणायची, गाडी पिवळी होती तरी. दोन वर्षं काका राजे. वाळपईच्या बाजारात उभी केली की पोरं गोळा व्हायची, म्हातारेसुद्धा आत डोकं घालून बघायचे.

मग एका जूनमध्ये वाऱ्याने माडाची झावळी थेट पुढच्या काचेवर आली. इंजिनाचे पार्ट मिळत होते, ते दुसऱ्या कंपनीचं होतं. काच मात्र फक्त ह्या गाडीची. फोन केले, पत्रं लिहिली, एक माणूस बेळगावला, एक पुण्याला पाठवला. कोणी म्हणायचं साचा नाही, कोणी म्हणायचं पन्नास घेणार असाल तर करतो. शेवटी म्हापशाच्या एका मेस्त्रीने पारदर्शक प्लास्टिकची शीट गरम करून वाकवून बसवली. सुंदर बसली हो! पहिल्या पावसात वायपरने तिच्यावर अर्धगोल ओरखडे काढले, आणि रात्री समोरून गाडी आली की सगळी काच पांढरी. गाडी आता गोठ्याशेजारी आहे. आत कोंबडी अंडी घालते.

तेव्हा कंपनीला पुढची दहा वर्षं काच द्यायची तयारी नसेल तर तिने गाडी विकूच नये. दाखवा, फोटो काढा, परत न्या. त्यात मला फसवणूक वाटत नाही. विकून गायब होणं ही फसवणूक.

मांडवीपलीकडे (पर्वरी)

ताई, कोंबडीचं वाचून हसलो आणि वाईटही वाटलं. पण तुमचा राग बाजारात अर्धवट उतरवलेल्या गाडीवर आहे, न उतरवलेल्या गाडीवर नाही. रेसमोमागे टाटा होते, शेडमधली कंपनी नव्हती.

आणि टाटांचंच दुसरं उदाहरण देतो, जे मला जास्त टोचतं. जग्वार २००८ पासून त्यांच्याकडे. २०१० ला पॅरिसमध्ये सी-एक्स७५ दाखवली, त्या वेळी तिच्यात बॅटरी चार्ज करायला दोन छोट्या गॅस टर्बाइन होत्या. पुढे फॉर्म्युला वन शर्यतवाल्या विल्यम्सच्या जोडीने काम सुरू झालं, टर्बाइन जाऊन १.६ लिटरचं छोटं इंजिन आणि विजेच्या मोटरी आल्या. २५० गाड्या काढायचं जाहीर झालं. चालणारे नमुने तयार होते! आणि डिसेंबर २०१२ मध्ये मंदीचं कारण देऊन बंद. पुढच्याच वर्षी मॅक्लारेन पी१ आणि पोर्शे ९१८ ह्या हायब्रीड गाड्या ग्राहकांना मिळायला लागल्या. म्हणजे वाट बरोबर होती, धीर सुटला. हा चित्ररथ नव्हे, अर्ध्यात सोडलेली वारी.

चौथा_गिअर (फोंडा)

सी-एक्स७५ चं दुःख मलाही आहे, तिथे वाद घालत नाही. पण २०१२ च्या खुर्चीत बसून बघा. दुसरे लोकही तेच आणतायत हे माहीत असताना पाच-सहा लाख पौंडांच्या वरची गाडी अडीचशे जणांना विकायची. आज आपल्याला निकाल ठाऊक आहे म्हणून "धीर सुटला" म्हणणं सोपं.

रेझिनवाला (झुआरीकाठ)

मी होड्या करतो, फायबरच्या. गाड्यांतलं मला इंजिन कळत नाही, बॉडी कळते.

सगळे "एक केली तर हजार का नाही" असं बोलतात म्हणून लिहितो. एक नग करायला प्लग, म्हणजे मूळ नमुना, घासायचा, त्यावरून मोल्ड, म्हणजे साचा, काढायचा, मोल्डला वॅक्स, मग जेलकोट हा वरचा गुळगुळीत थर, मग फायबरची मॅट आणि रेझिन थरावर थर. माझी चार पोरं हाताने करतात आणि आरशासारखं फिनिश येतं. पहिला नग असा निघतो की गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे देईल. चाळीस-पन्नास नग झाले की मोल्डच्या कडा खायला लागतात, पृष्ठभागावर लाटा दिसतात. होडीला चालतं, पाण्यात कोण बघतंय. गाडीचं दार तीन मिलिमीटर हललं की उजेड आत दिसतो आणि पाऊसही. त्यात आपला जुलै! हवेत इतकी ओल की नीट लक्ष दिलं नाही तर रेझिन चिकट राहतं. आम्ही तेव्हा दिवे लावून शेड गरम ठेवतो.

पत्र्याची गाडी करायची तर पत्रा दाबायचे डाय लागतात, त्यांचे पैसे हजारो नग काढले तरच वसूल. फायबरची करायची तर माणसं लागतात आणि प्रत्येक नग थोडा वेगळा. दोनशे-पाचशे गाड्यांचा आकडा ह्या दोहोंच्या मध्ये लटकतो. प्रदर्शनातली गाडी आणि दुकानातली गाडी ह्यांच्यात डिझाइनपेक्षा हाच खड्डा मोठा, आणि अपघाताच्या चाचण्यांत चांगले नग भिंतीवर आपटून मोडायचे ते वेगळेच.

मांडवीपलीकडे (पर्वरी)

हे पटलं. असं कोणी समजावून सांगत नाही, बाब. तरीही लान्चिया स्ट्रॅटोस झीरो आठवतेच. १९७०, इटलीच्या बेर्तोने डिझाइनवाल्यांची. उंची फक्त ८४ सेंटिमीटर, आत शिरायचं ते पुढची काच उघडून. (केरीची_पोर ताई, ह्या गाडीची काच फुटली तर दारच गेलं.) लान्चियाच्या गेटवर आडवा दांडा न उचलता ती खालून आत नेली अशी गोष्ट सांगतात. ती विकायला नव्हतीच. पण तिच्यामुळे लान्चियाने पुढे खरी स्ट्रॅटोस केली, आणि त्या गाडीने १९७४, ७५, ७६ अशी सलग तीन वर्षं रॅलीचं जागतिक अजिंक्यपद घेतलं. माझी तक्रार एवढीच, रेसमोच्या मागून तशी काही गाडी आली नाही. चित्ररथ गेला आणि पालखीही नाही.

चौथा_गिअर (फोंडा)

हा मुद्दा मान्य. रेसमो नको होती, पण तिच्यातलं काहीतरी साध्या अल्ट्रोझमध्ये उतरायला हवं होतं. मी पहिल्या पोस्टमध्ये "बरं झालं" जरा जोरात म्हटलं.

अॅस्टन मार्टिनच्या बुलडॉगचं मात्र कोणी काढलं नाही म्हणून मीच काढतो, माझ्याच विरुद्ध जातंय तरी. पाचर ठेवल्यासारखी गाडी, ताशी २०० मैलांचं स्वप्न, १९८० च्या सुमारास चाचणीत १९१ पर्यंत पोहोचली. पंचवीस-एक काढायचा बेत होता, नव्या मालकाने १९८१ मध्ये रद्द केला. एकच उरली, विकली गेली, हिंडली. मग इंग्लंडमधल्या कारागिरांनी ती उघडून पुन्हा बांधली आणि जून २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या धावपट्टीवर २०५ मैल, म्हणजे ३३० किमी काढले. चाळीस वर्षांनी. ही बातमी वाचताना माझा चहा गार झाला होता.

रेझिनवाला (झुआरीकाठ)

केरीच्या ताई, काकांची गाडी कोंबडीसकट एकदा दाखवा. पावसाआधी आणली तर बॉडीचे तडे मी भरून देतो, पैशांचं नंतर बघू. काच मात्र माझ्याच्याने होणार नाही.

केरीची_पोर (सत्तरी)

काकांना सांगितलं. ते म्हणतात आधी कोंबडी उठू दे, एकवीस दिवस लागतात.